घटाचे अवयव आणि आपला इतिहास

राजांचा इतिहास ताम्रपटांत व शिलालेखांत सापडतो, सरदार-देशमुखांचा सनदांत व बखरींत सापडतो. परंतु ज्या कारागिराने ना शिलालेख खोदविला, ना कोणाकडून सनद मिळविली, त्याचा इतिहास कोठे पाहावा? आपल्या समाजातील विचारी माणसाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी आल्यावाचून राहत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर असे की, कुंभाराचा इतिहास त्याने घडविलेल्या घटातच लिहिलेला आहे. लाकूड कुजते, लोखंड गंजते, कापड विरते. भाजलेले खापर मात्र तीन-तीन हजार वर्षे जमिनीखाली टिकून राहते. म्हणूनच जुन्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन करणारे विद्वान प्रथम खापरे गोळा करतात, आणि त्यांच्या काठावरून, बुडावरून व रंगावरून त्या वस्तीचा काळ ठरवितात.

ही लिपी वाचावयाची तर तिची मुळाक्षरे ठाऊक हवीत. घटाचे अवयव ही ती मुळाक्षरे होत. त्या अवयवांची नावे व त्यांपासून होणारी भांड्यांची रूपे आपल्या आजी-आजोबांना मुखोद्गत होती. आज ती वेगाने विस्मरणात चालली आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा अल्पसा परिचय करून द्यावा व त्यांचे मोल काय ते समाजबंधू-भगिनींपुढे मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

घटाचा देह

आपल्या पूर्वजांनी घटाला मनुष्यदेहाचीच नावे दिली. त्याला तोंड आहे, ओठ आहे, मान आहे, खांदा आहे, पोट आहे, बूड आहे आणि काही भांड्यांना कानही आहेत. ही नावे केवळ कवित्वाने दिलेली नाहीत; प्रत्येक अवयवाला त्याचे काम नेमून दिलेले आहे.

प्रथम काठ घ्या. मडक्याचा काठ बाहेरच्या अंगाला वळविलेला असतो. त्यामुळे तोंडाला बळकटी येते, झाकणी नीट बसते, आणि भांडे उचलताना बोटांना आधार मिळतो. काठाखाली मान. विहिरीत सोडावयाच्या घागरीला दोराचा फास या मानेतच बसतो. वरचा काठ त्याला निसटू देत नाही. तोंड अरुंद असल्याने पाणी हिंदकळून सांडत नाही व त्यात केरकचरा पडत नाही. ज्या भांड्यात हात किंवा पळी घालावी लागते, त्याचे तोंड मात्र रुंद ठेवावे लागते. रांजणाच्या तोंडातून तांब्या आत गेला पाहिजे, आणि घागरीच्या तोंडातून पाण्याची धार नेमकी बाहेर आली पाहिजे. हा हिशेब कुंभाराच्या बोटांत असतो.

मानेखाली खांदा व पोट. पोट गोल असण्याचे कारण असे की, गोल आकारात थोड्या मातीत अधिक जिन्नस मावतो आणि भार सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. चुलीवरच्या मडक्याला तर गोलाईची फारच गरज. ज्या भांड्याला तळाशी कोपरा असतो, ते तापताना व निवताना त्या कोपऱ्याशी तडकण्याचा संभव अधिक. गोल बुडाला आच सारखी लागते. असे भांडे सपाट फरशीवर डुगडुगते हे खरे. पण ज्या घरासाठी ते घडविले, तेथे सपाट फरशी होती कोठे? डोक्यावर त्याला चुंबळ होती, घरात घडवंची होती, चुलीवर तीन दगड होते, आणि रांजणाचे बूड तर जमिनीतच पुरलेले असे. बुडाचा आकार पाहून त्या घरातील मांडणी सांगता येते, ती अशी.

पोट व बूड कसे होते हेही नव्या पिढीने ध्यानात ठेवावे. काठ, मान व खांदा एवढाच भाग चाकावर घडतो. खालचा भाग तेव्हा जाडच राहतो. दोऱ्याने कापून काढलेले ते भांडे किंचित सुकले की, आतून गुळगुळीत दगडी गोळा धरावयाचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापीत जावयाचे; माती चिकटू नये म्हणून राख शिंपावयाची. थापता थापता भिंत पातळ होते, पोट फुगते आणि बूड गोल होते. म्हणजे अर्धे मडके चाकाचे व अर्धे थापटण्याचे. चाक बहुधा पुरुषाच्या हाती, आणि माती मळणे, चाळणे, राख-लीद मिसळणे, रंगविणे व आवा रचणे यांत घरातील स्त्रियांचे श्रम; त्यामुळे मडके हे एकट्या कुंभाराचे नसून सबंध कुटुंबाचे काम होय.

आपल्या भागातील रूपे

आमच्या लहानपणी जळकोट, नळदुर्ग व तुळजापूर या भागांतील घराघरांत मातीच्या भांड्यांची उतरंड असे. तळाशी मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, आणि शेवटी बोळके. धान्य, डाळी, बी-बियाणे, मीठ सर्व त्या उतरंडीत. पाण्यासाठी रांजण, माठ, घागर व बिंदगी, ताकासाठी डेरा, कालवणासाठी तवली, वाढण्यासाठी व झाकण्यासाठी परळ व झाकणी, भाजण्यासाठी खापर व मातीचा तवा, किरकोळ कामासाठी गाडगे. या गाडग्याची थोरवी काय सांगावी! ज्या महापुरुषाने (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, त्याला लोकांनी त्याच्या हातातील फुटक्या गाडग्यावरूनच गाडगेबाबा म्हटले.

सणावारांची भांडी निराळी. संक्रांतीला सुगड, त्यात हरभरा, ऊस, बोरे व तीळ घालून सुवासिनी वाण देतात. अक्षय तृतीयेला करा व केळी ही जोडी पाण्याने भरून पितरांच्या नावे पूजावयाची. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला पणत्या आणि बोळकी. तुळजाभवानीच्या नवरात्रात घराघरांतून घट बसतो, त्यात तर आपल्या मातीचा गुणच पूजेला येतो. कच्च्या मातीत धान्य पेरून त्यावर पाण्याचा घट ठेवतात. घटाच्या अंगातून पाणी झिरपते, खालची माती ओली राहते आणि नऊ दिवसांत अंकुर वर येतात. घट तांब्याचा किंवा स्टीलचा ठेवला तर एक थेंबही झिरपत नाही, व वरून पाणी शिंपडावे लागते. उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते तेही याच झिरपण्यामुळे. अंगावर आलेला ओलावा वाऱ्याने उडून जातो आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो.

तगर आणि गोरोबाकाका

या कलेचे प्राचीनत्व पाहावयास आपणांस दूर जावे लागत नाही. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वृत्तांतात ‘तगर’ नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाते, असे तो सांगतो. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले. १९५८ साली चापेकर यांनी तेथे उत्खनन केले, व पुढेही उत्खनने झाली. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडांवरून आयुष्यभर वेचून जमविलेल्या वस्तूंचे आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. मडकी, दिवे, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि पांढऱ्या मातीच्या साच्यातून काढलेल्या बाहुल्या तेथे पाहावयास मिळतात. तेरच्या जुन्या मंदिरांतील पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटाही प्रसिद्धच आहेत. समाजातील प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांसह एकदा तरी हे संग्रहालय पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

याच तेरला संत गोरोबाकाकांची समाधी आहे. शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ हे त्यांच्या समाधीचे वर्ष परंपरा सांगते. संतमेळ्यात कोणाचे मडके पक्के व कोणाचे कच्चे, हे गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील व्यवहार मात्र आपणच जाणतो. भाजलेले मडके बोटाने वाजविले असता खणखणीत नाद देते. कच्चे किंवा चिरलेले बद्द वाजते. अध्यात्मातील पारख सांगावयास संतांना आपल्या आव्याजवळची पारख उपयोगी पडली, ही आपल्या धंद्याला मिळालेली मोठीच मान्यता होय.

तोटीचे भांडे

आतापर्यंत सांगितलेल्या अवयवांत तोटीचे नाव आले नाही. आपल्या नेहमीच्या मडक्यांना तोटी क्वचितच असते. तोटी म्हटली की आपणांस पूजेची धातूची झारी आठवते, आणि झारीबरोबर शुक्राचार्यही आठवतात. वामनाला दान देताना बळीच्या हातून पाणी सुटू नये म्हणून ते तोटीत जाऊन बसले होते. परंतु महाराष्ट्रातील अतिप्राचीन कुंभाराने ज्या भांड्यावर आपले सर्व कौशल्य वेचले, ते तोटीचेच भांडे होते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०–५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या भांड्यांच्या प्रकाराला त्या गावावरूनच जोर्वे भांडी असे नाव पडले. पुढे नेवासे, दायमाबाद व शिरूर तालुक्यातील इनामगाव येथेही ती विपुल मिळाली. त्यांचा मुख्य काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० हा मानतात. म्हणजे ही भांडी घडली तेव्हा तगर नगराच्या भरभराटीला अजून हजार वर्षे अवकाश होता.

ही भांडी चाकावर घडविलेली, पातळ, चांगली भाजलेली, तांबड्या अंगाची असून त्यांवर काळ्या रंगाने रेघा, चौकटी व जाळ्या काढलेल्या असतात. वाजविली असता ती धातूसारखा नाद देतात. त्यांतील तोटीच्या भांड्याचे अवयव पाहा. तोंड बाहेर उमललेले, मान सुरेख, पोटाच्या मध्यावर ठळक कंगोरा, आणि खांद्यापासून तिरपी वर चढणारी नळीसारखी लांब तोटी. कान मात्र बहुधा नाही. मानेला किंवा पोटाला हात घालूनच ते धरीत असावेत. तोटी वेगळी वळून अंगाला जोडावी लागते. अंग व तोटी यांचा ओलावा सारखा नसेल तर सुकताना सांधा सुटतो, आणि सुकताना वाचला तर आव्यात तडकतो. ज्याने हे काम हाताने केले आहे, त्यालाच त्या प्राचीन कारागिराची योग्यता कळेल. इनामगावी तर कुंभाराची वर्तुळाकार भट्टीही सापडली आहे.

त्या लोकांत मृताला घरातच जमिनीखाली पुरण्याची चाल होती. लहान मूल गेले की दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत, आणि जवळ वाडगा व तोटीचे भांडे मांडीत. मुलाच्या शेवटच्या प्रवासात त्याला तहान लागली तर पाणी असावे, अशीच त्या आईबापांची भावना असावी, असे आम्हांस वाटते. उत्तरेकडे पूजेच्या करव्याला आजही तोटी असते, आणि आपण पितरांसाठी करा भरतो. कालौघात किती राज्ये आली व गेली; पण गेलेल्यांसाठी मातीच्या भांड्यात पाणी ठेवण्याची रीत टिकून आहे, आणि ती भांडी पुरविणारे हातही टिकून आहेत.

चीनमधील आपले समव्यावसायिक

तोटी, कान व झाकण या तीन अवयवांचा विचार ज्यांनी कळसाला नेला, ते कारागीर चीन देशातील होत. चिनी माती हा शब्द लोणच्याच्या बरणीमुळे आपल्या घराघरांत आहेच. ती बरणी पांढरी व झिलई दिलेली असते. परंतु चीनमधील च्यांग्सू प्रांतातील यीशिंग येथील चहाच्या किटल्या त्याहून निराळ्या. त्या जांभळट-तपकिरी, लोहयुक्त मातीच्या असून त्यांना झिलई मुळीच देत नाहीत. सोळाव्या शतकापासून, म्हणजे मिंग राजवटीच्या काळापासून, त्यांची ख्याती आहे.

आपणांस नवल वाटेल ते हे की, या किटल्या परंपरेने चाकावर घडवीत नाहीत. मातीची पोळी थापून पातळ करावयाची, तिची पट्टी गोल वळवून सांधावयाची, आणि लाकडी थापीने हळूहळू थापीत तिला पोट आणावयाचे, अशी त्यांची रीत आहे. आपले थापटणे तेथेही आहे! पोट झाल्यावर तोटी, कान, झाकण व झाकणावरचे बोंड निरनिराळे करून जोडतात. तोटीचे टोक, किटलीचे तोंड व कानाचा माथा ही तिन्ही एका पातळीत यावीत, असा त्यांचा जुना दंडक आहे. तोटीचे टोक तोंडाहून खाली राहिले तर किटली भरण्याआधीच तोटीतून चहा वाहू लागेल, हे सहज ध्यानात येईल. झाकणाला बारीक छिद्र असते. त्यातून हवा आत गेली नाही तर धार अडते. उत्तम कारागिराचे झाकण इतके चपखल बसते की, छिद्रावर बोट ठेवताच तोटीची धार थांबते. शुक्राचार्यांनी जे काम तोटीत बसून केले, ते तेथे झाकणावरच्या एका बोटाने होते.

किटलीला कान का, आणि आपल्या घागरीला तो का नाही, याचाही उलगडा येथे होतो. किटलीत उकळते पाणी असते. तिचे पोट हातात धरवत नाही. घागर कमरेवर व डोक्यावर बसते, तिला कान आडवा येतो. नेवाशाच्या उत्खननात रोमन दारूच्या कुंभांची खापरे मिळाली. त्या कुंभांना दोन कान व निमुळते बूड असे, कारण ते गलबतातून दाटीने रचून न्यावयाचे असत. प्रत्येक देशाच्या कुंभाराने आपल्या लोकांची राहणी पाहून भांड्याला अवयव दिले. त्यांत उच्च-नीच काही नाही.

नावाचा प्रश्न

परंतु एका गोष्टीत यीशिंगचे कारागीर आपल्याहून पुढे गेले, आणि ती गोष्ट सांगण्यासाठीच आम्ही वाचकांस इतक्या दूर नेले. त्यांनी नावे राखली. तेथे किटलीच्या बुडावर, कित्येकदा झाकणाच्या आत व कानाखालीही, घडविणाऱ्याची मुद्रा उमटविलेली असते. चारशे वर्षांपूर्वीच्या शी दाबिन या कारागिराचे नाव आजही तेथे आदराने घेतले जाते. चेन मानशेंग (१७६८–१८२२) हा तर सरकारी अधिकारी व सुलेखनकार. त्याने किटल्यांची रूपे कल्पिली, आणि यांग पेंगन्येन या कुंभाराने ती घडविली. त्या किटल्यांच्या बुडावर अधिकाऱ्याच्या अभ्यासिकेची मुद्रा आहे, तशी कानाखाली कुंभाराचीही आहे. मानशेंगची अठरा रूपे म्हणून ती ओळखली जातात. प्रत्येक रूपाला स्वतंत्र नाव आहे. कोणाचे नाव विहिरीच्या कठड्यावरून, तर कोणाचे दगडी पळीवरून. रूपाला नाव, अवयवाला नाव आणि कारागिरालाही नाव!

आपल्याकडे काय झाले? जोर्व्याची ती तोटी कोणी जोडली, तेरच्या बाहुल्यांचे साचे कोणी कोरले, हे कोणी सांगू शकत नाही. गावगाड्यात कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक होता. सुगीला खळ्यावर त्याला बलुते मिळे, पण त्याच्या मडक्यावर त्याचे नाव नसे. गोरोबाकाकांचे नाव राहिले ते त्यांच्या भक्तीमुळे व अभंगांमुळे. त्यांनी घडविलेल्या एकाही घटाची ओळख उरली नाही.

आणि आता तर अवयवांची व रूपांची नावेही जाऊ लागली आहेत. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत आम्ही सातवीच्या वर्गात मुलांना मातीच्या भांड्यांची नावे लिहावयास सांगत असू. बहुतेक मुले माठ, पणती व कुंडी येथे थांबत. आपल्याच समाजातील मुलेही त्यांहून दोन-तीन नावेच अधिक लिहीत. बिंदगी, परळ, तवली, डेरा हे शब्द त्यांच्या कानांवरूनच गेले नव्हते. घागर हा शब्द माहीत होता, पण तो प्लॅस्टिकच्या भांड्याचे नाव म्हणून. यात मुलांचा दोष नाही. भांडे घरातून गेले की शब्द जातो, शब्द गेला की ते घडविण्याची रीतही सांगता येत नाही, आणि मग ज्या समाजाने ते घडविले, त्याचे गावाशी असलेले नाते तरी कशाने सिद्ध करावयाचे?

काय करावे

धातूची व प्लॅस्टिकची भांडी टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. आपली मुले शिकून शिक्षक, अभियंते, परिचारिका होत आहेत, ही समाधानाचीच गोष्ट आहे. सर्वांनी चाकावर बसावे असा आग्रह कोणी धरू नये. आमची मागणी अल्प आहे व प्रत्येक कुटुंबास शक्य आहे.

पहिली गोष्ट, घरातील वयोवृद्धांजवळ बसून आपल्या गावी कोणती भांडी घडत, त्यांची नावे काय, कोणत्या अवयवाला काय म्हणत, माती कोठून आणीत व तिच्यात काय मिसळीत, हे वहीत उतरून घ्यावे. एकाच भांड्याला नळदुर्गाकडे एक नाव व लोहाऱ्याकडे दुसरे असेल; दोन्ही लिहावीत. विशेषतः स्त्रियांना विचारावे. मातीचे मिश्रण व आव्याची रचना यांचे ज्ञान त्यांच्याजवळ अधिक आहे. दुसरी गोष्ट, माळ्यावर जुने थापटणे, दगडी गोळा, साचा असेल तर तो भंगारात देऊ नये. गाव व घराणे यांची चिठ्ठी लावून जपून ठेवावा. तिसरी गोष्ट, जी घरे आजही हा व्यवसाय करतात, त्यांनी माठाच्या बुडाशी, ओल्या मातीत, आपले नाव, गाव व साल काडीने कोरावे. त्यास पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. आणि चौथी गोष्ट, आपल्या मंडळाने या सर्व नोंदी एकत्र करून पुढील स्मरणिकांतून क्रमाने प्रसिद्ध कराव्यात.

आणखी हजार वर्षांनी कोणी अभ्यासक जळकोटच्या पांढरीत खणू लागेल आणि त्याच्या हाती एक खापर येईल. काठावरून व बुडावरून तो काळ ओळखीलच. त्या खापरावर एखादे नाव असेल, तर ज्या हातांनी हजारो वर्षे गावाला पाणी पाजले, त्यांपैकी एक हात तरी त्याला नावाने ओळखता येईल. तेवढे काम या पिढीने करावे, ही समस्त समाजबंधू-भगिनींस नम्र विनंती.